गावाच्या पाच वह्या, देशाचा एक आकडा

रेशन कार्डात सुनेचं किंवा नातवाचं नाव चढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलेल्या माणसाला आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: "इष्टांक शिल्लक नाही." तालुक्यात किती माणसांचं धान्य मंजूर आहे, त्याची ही मर्यादा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थी आले आणि ही संख्या ठरली २०११ च्या जनगणनेवरून. तेव्हा जळगाव जिल्ह्यात ४२ लाखांवर माणसं होती, धुळे जिल्ह्यात साडेवीस लाख. त्यानंतर जन्मलेलं लेकरू आज हायस्कूलच्या बाकावर बसतं, पण धान्याच्या मर्यादेत त्याची मोजणी झालेली नाही. कुणी वारलं, कुणाचं नाव कमी झालं, तर त्या जागी दुसऱ्याचं नाव लागतं. २०२१ ची जनगणना आधी कोविडमुळे आणि मग वर्षामागून वर्ष पुढे गेली, तेव्हा अग्रलेख लिहिले गेले, चर्चा झाल्या. त्या लांबणीची किंमत मात्र पुरवठा शाखेच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या बाईने चुकवली.

माझं माहेर धुळ्याचं, सासर चोपड्याचं, आणि नोकरीची सगळी वर्षं गेली ती कॉलेजात सांख्यिकी शिकवण्यात. आकडेवारी हा दिल्ली-मुंबईच्या तज्ज्ञांचा विषय, आपल्याला त्याचं काय, असं आसपासची शिकलेली माणसंही म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. देशाच्या सरकारी आकडेवारीची एक जोडलेली, कायद्याने बांधलेली, कुणाच्या दबावाखाली न येणारी व्यवस्था आपल्याला हवी आहे. आणि तिचा पाया गावातल्या वह्यांमध्ये घालावा लागेल, हे मला आज सांगायचं आहे.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी दर हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात नेत असे. काम साधं दिसणारं: या गावात कुटुंबं किती, एवढंच विचारून यायचं. मुलं पाच जणांकडे जात. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकानदार. संध्याकाळी पारावर बसून वह्या उघडल्या की पाच वेगवेगळे आकडे. पहिल्या वर्षी मुलांना वाटायचं, कुणीतरी खोटं बोलतंय. मग आम्ही एकच घर धरून बसायचो. म्हाताऱ्या आईसह तीन भाऊ, एकाच मोठ्या घरात तीन चुली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या वहीत ती एक मालमत्ता, म्हणून ग्रामसेवकाकडे एक घर. सातबाऱ्यावर अजून वारलेल्या बापाचंच नाव, म्हणून तलाठ्याकडे एक खातेदार. आशाताई चूल बघते, तिच्याकडे तीन कुटुंबं. रेशन दुकानात दोनच कार्डं, कारण धाकट्याचं विभक्त कार्ड अजून झालेलं नाही. अंगणवाडीच्या ताईकडे सविस्तर नोंद त्याच एका भावाची, ज्याच्या घरी सहा वर्षांखालचं मूल आहे.

पाचही जणांची नोंद आपापल्या जागी बरोबर होती. प्रत्येकाचा कायदा वेगळा, खातं वेगळं, कुटुंबाची व्याख्या वेगळी. चुकीची गोष्ट पुढे घडते. या पाच वह्यांमधले आकडे पाच वेगवेगळ्या पोर्टलांवर चढतात, पाच खात्यांच्या सचिवालयांत पोचतात आणि तिथे प्रत्येक खातं आपल्या आकड्याला "कुटुंबं" असंच नाव देतं. योजना आखणारा त्यातला हाताला लागेल तो घेतो. तालुक्याच्या गावी या पाचही खात्यांच्या कचेऱ्या बहुतेक ठिकाणी हाकेच्या अंतरावर असतात. पण या पाच वह्या एका टेबलावर मांडून जुळवून बघणं हे तिथे कुणाच्याही कामाच्या यादीत नाही.

त्यात गावाची ओळखही एक नाही. महसुली गाव एक, गट ग्रामपंचायत तीन गावांची, आरोग्य उपकेंद्राचं क्षेत्र भलतंच, पोलीस ठाण्याची हद्द आणखी निराळी. सातपुड्यातले पाडे तर अनेकदा महसुली गावात धरलेच जात नाहीत, किंवा चार पाडे मिळून एक नाव असतं. जनगणनेचा गावाचा क्रमांक वेगळा, पंचायतीचा वेगळा, शाळेचा वेगळा. केंद्राने स्थानिक संस्थांची एक निर्देशिका करून प्रत्येक गावाला संकेतांक दिला आहे, तो सगळ्या खात्यांनी वापरावा असं सांगितलंही जातं. पण पाड्याचं नाव मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत येता-येता इतकं बदलतं, की त्याच गावातली माणसं यादीत आपलं गाव ओळखत नाहीत.

एकदा पारावर बसलेल्या एका आजोबांनी आमच्या मुलींच्या वह्यांकडे बघून विचारलं, "हाई लिखीसन आमले काय भेटी, ताई?" त्या प्रश्नात मला राग दिसला नाही, अनुभव दिसला. त्या गावाला दर महिन्याला कुणी ना कुणी काहीतरी विचारून जातं. तिथे गोळा झालेला एकही आकडा परत त्या गावात आलेला त्यांनी पाहिला नव्हता.

खान्देशाला मोजणीचा जुना धाक आहे. १८५२ मध्ये इंग्रज सरकारची जमीन पाहणी इथे सुरू झाली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक हजारोंनी जमले आणि त्यांनी मोजणी अडवली. शेवटी फौज आणून धरपकड करावी लागली. लोकांना साखळी आणि दांडी कळत नव्हती असं नाही. मोजलं की सारा वाढणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजही घरात किती जण, किती गुरं, किती कमाई असं विचारलं की माणूस आधी ताडतो: हा कागद मला काही देईल की माझं काही काढून घेईल? दारिद्र्यरेषेच्या यादीपासून नाव कटण्यापर्यंतचा सगळा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. जनगणनेच्या १९४८ च्या कायद्याने माणसाला अभय दिलेलं आहे. त्या नोंदी कुणाला पाहायला मिळत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ही तरतूद माझ्या पदवीच्या वर्गातल्या मुलांनाही माहीत नसे. दारात आलेला मास्तर ती सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेली नसते. मोजणाऱ्यावर भरवसा नसेल, तर वरती कितीही भारी संगणक बसवा, आत जाणारी माहितीच कच्ची राहणार.

आता शेताकडे वळते, कारण आमच्या दोन्ही जिल्ह्यांत आकडा आणि पैसा यांची गाठ सगळ्यात घट्ट शेतात पडते.

पीक कापणी प्रयोग ज्यांनी पाहिला असेल त्यांना ते दृश्य आठवेल. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून गाव, गटनंबर आणि शेत निवडायचं. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, तिथून ठरलेली पावलं लांबीत आणि रुंदीत मोजायची, जिथे पोचू तिथे खुंटी ठोकायची. मग दोरीने चौकट आखायची. धान्याच्या पिकाला बहुधा १० मीटर बाय ५ मीटरची. त्या चौकटीतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. कापसाला तर तीन-चार वेचण्या, प्रत्येक वेळी तीच चौकट, प्रत्येक वेळी वजन. अशा हजारो चौकटींवरून तालुक्याचं, जिल्ह्याचं, राज्याचं उत्पादन ठरतं. ही पद्धत देशाला घालून देण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे; पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. दुसरे वि. गो. पानसे, इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले. दोघांचं शेतीच्या सांख्यिकीवरचं १९५४ चं पुस्तक आमच्या पिढीने शिकून झिजवलं.

१९४०च्या दशकात सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात याच चौकटीवरून मोठा वाद झाला. महालनोबिसांनी बंगालमध्ये लहान तुकडे कापून अंदाज काढले होते. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला की कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं. इथे सुखात्मे बरोबर ठरले. वादाचा दुसरा भाग मात्र वर्गात क्वचित शिकवला जातो, तो असा: कापणी कुणी करायची? सुखात्म्यांचं म्हणणं, महसूल आणि शेती खात्याची माणसं गावोगाव आहेतच, त्यांनाच शिकवून तयार करा. महालनोबिसांना त्यासाठी वेगळे, स्वतंत्र पाहणी करणारे हवे होते. ज्याच्यावर दुसऱ्या कामाचं ओझं आहे आणि ज्याला आकड्यात स्वारस्य असू शकतं, त्याच्या हातून मोजणी नको. देशाने सुखात्म्यांची वाट धरली. गरीब, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला तीच परवडणारी होती.

आज या दुसऱ्या मुद्द्यावर महालनोबिसांचं म्हणणं मला अधिक वजनदार वाटतं. तेव्हा त्या चौकटीतल्या वजनावर कुणाचे पैसे अवलंबून नव्हते. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली आणि २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात विम्याची भरपाई मुख्यतः पीक कापणीतून निघणाऱ्या उत्पादनावर बांधली गेली. एका महसूल मंडळातल्या मोजक्या चौकटी सगळ्या मंडळाचं नशीब ठरवतात. चौकटीभोवती एका बाजूला कंपनीचा प्रतिनिधी उभा, दुसऱ्या बाजूला गाव उभं, आणि मध्ये वजनकाटा धरून कृषी सहायक, ज्याच्याकडे त्याच आठवड्यात बियाण्यांचं वाटप, पंचनामे आणि दोन-तीन ॲपवरच्या नोंदी बाकी आहेत. त्याला मी दोष देत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी त्या जागी आहेत. आकड्याला इतकं वजन आलं असताना तो आकडा काढणाऱ्याला आपण संरक्षण दिलं नाही, वेळ दिला नाही, आणि हा दोष व्यवस्थेचा आहे.

केळीची गोष्ट आणखी अवघड. रावेर, यावल, चोपडा हा पट्टा देशाला केळी पुरवतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या पिकाचं क्षेत्र किती, असं विचारलं की उत्तरं अनेक. मृगबाग पावसाळ्याच्या तोंडाला लागते, कांदेबाग पावसाळा सरताना, आणि जुन्या खोडाशेजारच्या पिलांवर पुढचं पीक घेतलं की तो पिलबाग. बाग वर्षाहून जास्त काळ शेतात उभी असते. म्हणजे लागवडीचा दिनांक नोंदवताना चुकला की हिशेबात एकच बाग दोनदा येते किंवा एकदाही येत नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून बांधावर उभं राहून पीक नोंदवावं अशी सोय झाली. कल्पना उत्तम आहे, मी तिच्या बाजूची आहे. मात्र ज्यांनी नोंद केली नाही त्यांच्या क्षेत्राचं काय, याचं उत्तर जागोजागी वेगळं दिलं गेलं. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या तापमान आणि वाऱ्याच्या नोंदीवरून. क्षेत्र मात्र शेतकऱ्याच्या अर्जातलं. मग अर्जातलं क्षेत्र, ई-पीक पाहणीतलं क्षेत्र आणि उपग्रहाच्या चित्रात दिसणारं क्षेत्र जुळत नाही आणि भरपाई अडकते. खोटे अर्ज करणारे काही असतात. पण त्यांच्यापायी ज्याच्या शेतात खरोखर घड वाऱ्याने आडवे झाले तो महिनोन् महिने हेलपाटे घालतो. एकाच शेताचे तीन सरकारी पुरावे असून त्यातला अंतिम कोणता, हे आधी ठरलेलं नाही, म्हणून हे घडतं.

विक्रीकडे बघा. केळीचा मोठा भाग शिवार खरेदीत जातो. व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर येतो, भाव रावेरचा किंवा बऱ्हाणपूरचा धरला जातो, आणि बऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात. बाजार समितीच्या आवक नोंदवहीत यातलं किती दिसणार? कापसाचंही तसंच. देशात कापसाच्या किती गाठी होणार, यावर सरकारी समितीचा अंदाज आणि व्यापाऱ्यांच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचा अंदाज दरवर्षी वेगवेगळे येतात. धरणगावच्या जिनिंगवाल्याला आयात होणार की निर्यात, भाव चढणार की पडणार, हे त्या दोन अंदाजांमधल्या फरकातून ताडावं लागतं. शेतकऱ्याकडे तेवढीही सोय नाही. तो कापूस घरात भरून ठेवतो आणि वाट बघतो.

जोडून काम केलं तर काय होतं, याचं एक उदाहरण आमच्याच जमिनीखाली आहे. भूजलाचा अंदाज राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि केंद्रीय भूजल मंडळ मिळून काढतात. पद्धत एक, लिहून ठेवलेली, देशभर तीच. निरीक्षण विहिरी दोघांच्या, हिशेब एकत्र, आणि शेवटी तालुक्याचा एकच आकडा. यावल-रावेरच्या पाण्याच्या उपशावर आम्ही भांडतो, उपायांवर भांडतो, पण राज्याचा आकडा खरा की केंद्राचा, यावर भांडत बसत नाही. ही शिस्त विहिरीच्या पाण्याला लावता येते, तर शेतातल्या पिकाला, घरातल्या माणसाला आणि कुपोषित मुलाला का नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची आढळली. अंगणवाड्यांतून रोज भरल्या जाणाऱ्या पोषण ट्रॅकरवर देशभरात हे प्रमाण त्याच पाहणीच्या जवळपास निम्म्यावर दिसतं. एक आकडा नमुना पाहणीचा, दुसरा अंगणवाडीत येणाऱ्या मुलांचा. फरक पडणार हे कुणीही सांख्यिकीवाला सांगेल. तो फरक नेमका कशामुळे किती पडतो, हे अधिकृतपणे समजावून सांगणारा कुणी नाही, आणि मग ज्याला जो सोयीचा तो आकडा तो भाषणात घेतो.

आपल्या देशात ही जबाबदारी कुणाची, हे राज्यघटनेतच विभागलेलं आहे. केंद्राच्या विषयांची आकडेवारी केंद्राकडे, राज्यांच्या आणि समवर्ती विषयांच्या आकडेवारीवर दोघांचाही अधिकार, जनगणना केंद्राची. शेती राज्याची, आरोग्य राज्याचं, जमिनीच्या नोंदी राज्याच्या. सुरुवात मात्र मोठी झाली होती. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिसांसोबत आपले धनंजयराव गाडगीळ होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि जगातले संख्याशास्त्रज्ञ ती बघायला भारतात येत. पुढे प्रत्येक मंत्रालयाने आपापली आकडेवारी आपापल्या पोटात ठेवली, राज्यांतले सांख्यिकी विभाग माणसांवाचून रोडावले. २००० साली सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, २००१ मध्ये त्याचा अहवाल आला. आडवी विभागणी मंत्रालयांमध्ये, उभी विभागणी केंद्र-राज्यांमध्ये, आणि दोन्हींना बांधणारं कुणी नाही, असं त्यांचं निदान होतं. उपाय म्हणून त्यांनी कायद्याने स्थापलेला राष्ट्रीय सांख्यिकी आयोग सुचवला.

आयोग झाला, २००६ पासून काम करू लागला, पण सरकारी ठरावाने. संसदेच्या कायद्याने नाही. याचा अर्थ काय, ते जानेवारी २०१९ मध्ये कळलं. रोजगाराच्या पाहणीचा अहवाल आयोगाने मंजूर केला, तरी तो प्रसिद्ध होईना. कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. निवडणूक झाल्यावर तो अहवाल बाहेर आला, बेरोजगारी ६.१ टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ ची कुटुंबखर्चाची पाहणी प्रसिद्ध न करण्याचं सरकारने जाहीर केलं. आयोगाला कायद्याचं बळ देणाऱ्या विधेयकाचा मसुदाही २०१९ मध्येच सूचनांसाठी मांडला गेला. त्याचा कायदा झाला नाही. सातवी आर्थिक गणना घरोघर, दुकानोदुकान झाली, तिचे निष्कर्ष आजवर प्रसिद्ध झालेले नाहीत. जळगावच्या चटई कारखान्यांत, डाळ मिलांत, धुळ्याच्या यंत्रमागांवर किती हात राबतात, हे सांगणारी शेवटची प्रसिद्ध आर्थिक गणना २०१३-१४ ची, सहावी. मधल्या काळात नोटाबंदी झाली, जीएसटी आला, टाळेबंदी झाली. या तीन धक्क्यांत किती माग थांबले, हे आम्ही कशावरून सांगायचं?

प्रांताच्या पातळीवरही आमचं असंच होतं. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या अनुशेषाचा हिशेब मांडला, तो जिल्हावार आकड्यांमुळेच शक्य झाला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा ही दोन आणि आमचा खान्देश "उर्वरित महाराष्ट्र" या तिसऱ्यात, पुणे-मुंबईच्या पंगतीला. त्या सरासरीत साक्री आणि शिरपूरचा डोंगरपट्टा दिसणार कसा? १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला; त्याआधीचे आणि नंतरचे धुळ्याचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे लेख मी अजूनही वाचते. जिल्ह्याच्या उत्पन्नाचे आकडे निघतात, पण शेतीबाहेरच्या बऱ्याच क्षेत्रांत राज्याचाच आकडा काही निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांना वाटून दिलेला असतो. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने निवडीसाठी जिल्हा हा मूळ घटक धरला, हे पाऊल फार चांगलं आहे. त्याला राज्याच्या नमुन्याची जोड द्यावी लागेल, नाहीतर एका जिल्ह्यातली घरं इतकी कमी येतील की त्यावरून ठामपणे काही बोलता येणार नाही.

जनगणनेचं आमच्या भाषेबद्दलचं उत्तर बघा. खान्देशी या नावाखाली, म्हणजे मुख्यतः अहिराणी बोलणारे, १९९१ मध्ये सुमारे ९ लाख ७४ हजार नोंदले गेले. २००१ मध्ये २० लाख ७५ हजार. २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट आणि पुढच्या दहा वर्षांत घट, अशी कुठल्याही भाषेची माणसं वाढत-घटत नाहीत. बदलला तो विचारणारा, विचारण्याचा ढंग आणि सांगणाऱ्याचा संकोच. मास्तर प्रमाण मराठीत विचारतो, घरधनी "मराठी" म्हणतो, आणि घरात आत सगळं अहिराणीत चाललेलं असतं.

२०२१ ची ती लांबलेली जनगणना आता होते आहे आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. म्हणजे माणसं मोजण्याचं काम फेब्रुवारीत. साक्री, शिरपूर, चोपडा या तालुक्यांतली आदिवासी कुटुंबं तेव्हा कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या उसात असतात. पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं. जनगणनेच्या नियमाप्रमाणे माणूस मोजणीच्या सगळ्या काळात घरी नसेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. फडावरच्या कोप्यांत मोजणारा पोचला तर ते कुटुंब बारडोलीच्या नाहीतर सांगलीच्या हिशेबात जाईल. पोचला नाही तर कुठेच नाही. आणि या वेळी जात नोंदली जाणार आहे, पुढच्या कित्येक वर्षांचा आदिवासी उपयोजनेचा पैसा, शाळा, इष्टांक या आकड्यांवरून ठरणार आहे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाला संसदेने कायद्याचं बळ द्यावं आणि पाहण्यांच्या निष्कर्षांचे दिनांक आधी जाहीर करून ते पाळण्याचं बंधन घालावं. जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयाला वर्षाचं समालोचन छापण्यापलीकडे अधिकार द्यावेत: जिल्ह्यातलं कोणतंही खातं नवी वही, नवं ॲप, नवा सर्व्हे सुरू करणार असेल तर व्याख्या आणि गावाचा संकेतांक त्या कार्यालयाने तपासल्याशिवाय ते सुरू होऊ नये. तेराव्या वित्त आयोगाने आकडेवारी सुधारायला दर जिल्ह्यामागे १ कोटी रुपये सुचवले होते. तसा पैसा पुन्हा लागेल, आणि तो यंत्रांवर कमी, माणसांवर जास्त खर्च व्हावा. पीक कापणीच्या काही चौकटींची फेरतपासणी बाहेरच्यांकडून व्हावी. जळगावच्या आमच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात सांख्यिकीची तयार मुलं आहेत, त्यांना हे काम द्या. त्यांचं शिक्षण होईल आणि कृषी सहायकाच्या पाठीशी एक तटस्थ साक्ष उभी राहील. गावातून गेलेला प्रत्येक आकडा वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावा. चूक असेल तर गाव तिथल्या तिथे सांगेल, आणि त्या आजोबांना त्यांचं उत्तर मिळेल.

यातलं बरंचसं दिल्लीच्या आणि मुंबईच्या हातात आहे. एक काम मात्र जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कुणाची वाट न बघता करता येईल. या हंगामात दसरा-दिवाळीला टोळ्या निघतील, तेव्हा मुकादमांच्या उचलीच्या वह्यांवरून, आशाताईंच्या नोंदींवरून आणि शाळेच्या हजेरीपटावरून पाड्यापाड्याची यादी करावी: कोणतं कुटुंब, किती जण, कुठल्या कारखान्याच्या फडावर. ती यादी जानेवारीअखेर सुरत, तापी, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या जनगणना अधिकाऱ्यांकडे पोचवावी, सोबत अहिराणी, भिलोरी आणि पावरी समजणारा एखादा मास्तर द्यावा, आणि मार्चमध्ये तिकडून मोजणीची पोच मागवून घ्यावी.